भिशीचे पैसे आणि मुलाचा पिंग

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, घरीच शिवणकाम करते. मुलगा बारावीला आहे. रात्री मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट खेळतो. गेम मध्येच अडकतो, पिंग शंभरावर जातो, असं म्हणतो. व्हीपीएन नावाची सेवा घेतली की पिंग कमी होतो असं त्याने व्हिडिओत पाहिलंय. दोन वर्षांचे ६,४०० रुपये एकदम भरायचे आहेत. या महिन्यात माझी भिशी लागली, २४,००० मिळाले. त्यातून द्यावेत का? तो हट्ट करत नाही, पण रोज विचारतो.

ताई, सध्या देऊ नका. रक्कम मोठी आहे म्हणून नाही. महिन्याला २६७ रुपये पडतात, आणि पोराचा पिंग खरोखर कमी होणार असता तर मी खुशाल द्या म्हटलं असतं. पण या पैशातून ते काम होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिंग म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरवरून निघालेला निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे गेम चालवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरपर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरले तरी नुसत्या अंतराला दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, पिंग त्यातच मोजतात). मधली यंत्रं थोडा वेळ खातात, म्हणून दहा-पंधरा दिसतात.

व्हीपीएन या वाटेत एक थांबा वाढवतं. निरोप आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून मुंबईला. कसारा घाट मोकळा असताना पुण्यावरून मुंबई गाठण्यासारखंच हे. शिवाय हा थांबा कुठे आहे, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्याच वर्षी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. ॲपच्या यादीत ‘इंडिया’ दिसतं, पण ते आभासीही असू शकतं, म्हणजे पत्ता भारताचा आणि यंत्र सिंगापूरला. तसं असेल तर तुमच्या मुलाचा निरोप इंदिरानगरहून सिंगापूरला जाईल, तिथून मुंबईला येईल आणि त्याच वाटेने परतेल. मुंबई ते सिंगापूर अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ते चार वेळा कापायचं, म्हणजे फक्त अंतराचेच ८० मिलिसेकंद. पोरगा ज्या आकड्याला वैतागलाय, तो विकत घेतल्यासारखंच झालं.

मग व्हिडिओतला माणूस खोटं बोलतो का? सरसकट तसं म्हणणार नाही. कसाऱ्यात ट्रक आडवा झाला तर इगतपुरीहून समृद्धीने जाणंच शहाणपणाचं. तसंच एखाद्या इंटरनेट कंपनीने मुंबईचा निरोप उगाच लांबून फिरवला, किंवा गेमचा वेग मुद्दाम दाबून ठेवला, तर व्हीपीएनची दुसरी वाट जवळची ठरू शकते. असं घडतं, पण क्वचित. आणि ते आधी तपासता येतं. व्हीपीएन विकलं गेलं की अशा व्हिडिओवाल्यांना बहुधा कमिशन मिळतं. विमा एजंटाचा सल्ला ऐकताना आपण जेवढे सावध असतो, तेवढं इथेही राहायला हवं.

म्हणूनच उत्तर लिहिण्याआधी मी तुमच्या मुलाला दोन गोष्टी मोजून पाठवायला सांगितल्या होत्या. त्याने त्या फार नीट पाठवल्या, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. पहिली : सकाळी सहाला गेममध्ये पिंग किती? १४. म्हणजे नाशिक ते मुंबई वाट सरळ आहे, कंपनी निरोप फिरवत नाही. दुसरी : रात्री साडेनऊला कॉम्प्युटरपासून घरातल्या राउटरपर्यंतचा पिंग. आकडे आले २, ३, ४७, ४, ८८, ३. ताई, हा निरोप घराच्या बाहेर पडलेलाच नाही. हॉलमधून आतल्या खोलीत येतानाच तो ८८ मिलिसेकंद अडकलाय. उंबऱ्याच्या आतली अडचण सिंगापूरचा सर्व्हर कसा दूर करणार?

राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आहे, मध्ये दोन भिंती आहेत, आणि कॉम्प्युटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे, असं त्यानेच लिहिलंय. शेजारपाजारच्या सगळ्या घरांची वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करतात. त्यात रात्री टीव्हीवर मालिका चालू, आणि त्याच वेळी तुमच्या यजमानांचा मोबाइल दिवसभराचे फोटो वर चढवत असतो. हे अपलोड जड असतं. ते चालू असताना गेमचे छोटे-छोटे निरोप रांगेत मागे राहतात.

आधी राउटर आणि कॉम्प्युटर थेट जोडायला पंधरा मीटरची कॅट-६ लॅन केबल आणा, दोन्ही टोकांना पिना बसवलेली. पाच-सहाशे रुपयांच्या आत मिळेल. चौकटीच्या कडेने क्लिपा मारून ती आतल्या खोलीत न्या. फोटोंचा बॅकअप रात्री बारानंतरचा लावा. त्याला पैसे पडत नाहीत. केबल नकोच असेल तर राउटर टीव्हीच्या मागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा आणि कॉम्प्युटर वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घ्या. मात्र दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ कमजोर पडतं, म्हणून माझी पसंती केबललाच.

केबल टाकूनही रात्री पिंग चढलाच, तर इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि हे आकडे दाखवा. त्यानंतरही व्हीपीएन करून बघायचंच असेल तर एकाच महिन्याचं घ्या. दर महिन्याचा भाव चढा वाटेल, पण फसला तर एका महिन्याचाच फसेल. दोन वर्षांच्या योजनेत पहिली मुदत स्वस्त असते आणि नूतनीकरण बऱ्याचदा चढ्या दराने आपोआप होतं. पैसे डॉलरमध्ये कापले गेले तर बँक वर परकीय चलनाचं शुल्क लावते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करावे लागले तर काम होताच बंद करा. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचा संदेश बँकेने २४ तास आधी पाठवायचा असतो. तो मोबाइल नंबर मुलाचा नाही, तुमचा असू द्या.

तो किती वेळ खेळतो हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही त्यात पडत नाही. भिशीच्या २४,०००चं मात्र सांगतो. बारावीचं वर्ष आहे. सीईटीचे अर्ज, प्रवेशाच्या वेळची फी, कागदपत्रांची धावपळ, हे सगळं पुढच्या काही महिन्यांत येईल. केबलचे पैसे काढून उरलेले २३,४०० वेगळ्या बचत खात्यात ठेवा, त्या खात्याचं कार्ड कुठल्याही ॲपला जोडू नका. आणि केबल लागली की रात्री साडेनऊचे आकडे मुलाला पुन्हा पाठवायला सांगा. मी वाट बघतोय.