बस्त्याच्या दिवशी दाराशी बसलेल्याला

तुझा निरोप परवा रात्री वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण मन धजलं नाही.

धाकट्याच्या लग्नाचा बस्ता. मोठी माणसं गादीवर बसून मानपानाच्या साड्या काढतायत, भाव करतायत. पैसे धाकटाच देतोय, कारण तो चार वर्षं चाकणला नोकरीत आहे. आणि थोरला तू, वय २९, दाराशी पोराटोरांत बसून मोबाइलवर गेम खेळतोयस. कुणी हाकललं नव्हतं, आपण होऊन गेलास. वर लिहितोस, "दादा, मी आतून अजून बावीसचाच आहे."

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर बॅग टाकलीस तेव्हा तू बावीसचाच होतास, लक्षात आलं का?

मीही त्या गल्ल्यांत पाच वर्षं काढली. अभ्यासिका, मेस, चहा, पुन्हा अभ्यासिका. वय मोजायचं ते अटेम्प्टमध्ये. घरात आजारपण आलं, कर्ज थकलं, की "त्याला कळवू नका, पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय." मायेनेच करतात सगळे. पण माणूस मोठा होतो तो असल्या कटकटींनीच, आणि त्या तुझ्यापर्यंत कुणी येऊच दिल्या नाहीत. ७३वी घटनादुरुस्ती तू झोपेतही सांगशील. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद लागली का, ते माहीत नाही. (हसत नाहीये. माझे वडील तलाठ्याकडे हेलपाटे घालत होते तेव्हा मी महसूल प्रशासनाच्या नोट्स काढत होतो.)

जेफ्री आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००० साली १८ ते २५ हा वेगळाच टप्पा मानला: पोरपण सरलेलं, पण पुरतं मोठेपण न आलेलं. त्याने मांडलं ते तिकडच्या समाजाबद्दल. आपल्याकडे राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादाच ३८ आहे; हा टप्पा किती ताणला जाऊ शकतो ते तूच बघ.

तेव्हा स्वतःला बालिश म्हणणं थांबव. सात वर्षं रोज दहा तास एका जागी बसणं पोरकटाला जमत नाही. तुझ्यातलं जे वापरात होतं ते वाढलं, बाकीचं बॅगेत राहिलं.

परीक्षा सोड असं मी म्हणणार नाही, तो निर्णय वेगळा. पण पुढच्या वेळी घरी फोन करशील तेव्हा पैशांचा विषय निघायच्या आधी आईला विचार, गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे कोण नेतं, गोळ्या कुठल्या चालू आहेत. ती "तू अभ्यास कर" म्हणून टाळेल. पुन्हा विचार. अवघडल्यासारखं होईल, नाटक केल्यासारखं वाटेल. मला तर सुरुवातीचे काही महिने वडिलांचा सदरा घालून फिरतोय असंच वाटायचं.

आणि लग्नात मांडववाल्याचा हिशोब तू घे. चुकेल थोडा. भाऊ चिडला तर चिडू दे.

झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र माझ्या पत्रांवर विसंबू नकोस. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात. त्याच दिवशी लाव. मलाही फोन कर, कितीही वाजलेले असोत.

लग्न उरकलं की दोन दिवस गावीच थांब. वडिलांना घेऊन तलाठ्याकडे जा. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सगळे कागद तुझ्या हातात असू देत, बोलायचंही तूच. फेरफार मंजूर झाला की नंबर मला कळव.

तुझा,
दादा