व्हेंटिलेटर नाकारणे म्हणजे आत्महत्या का?

प्रश्न : कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीव माझा, मग तो संपवण्याचा हक्क माझा का नाही? समाज त्याला पाप का म्हणतो?
– एक विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : हा प्रश्न अभ्यासातून आला असेल तर पुढे वाचाच. पण मनात स्वतःबद्दल तसे काही घोळत असेल, तर आधी 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक फिरवा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागातही जाता येईल. घरातल्या एका माणसाला आजच सांगा.

जीव ही देवाची ठेव, ती मोडण्याचा अधिकार आपला नाही, हा सर्वात जुना आक्षेप. बौद्ध पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंताने याला आणखी एक कारण जोडले : माणूस समाजाचा भाग आहे, त्याच्या जाण्याने समाजाचेही नुकसान होते. श्रद्धा नसलेल्याला यातले पहिले कारण पटणार नाही. पण आणखी दोन कारणे उरतात आणि आमच्या मते खरे वजन त्यांचेच आहे. पहिले म्हणजे मरण्याची इच्छा बहुधा टिकत नाही. प्रयत्नातून वाचलेले बहुतेक लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. दुसरे, हक्क दिला की तो दुबळ्याच्या गळ्यात कर्तव्य म्हणून पडण्याची भीती असते. ‘मुलांवर ओझे नको’ म्हणणारी म्हातारी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

न्यायालयांचेही एकमत नव्हते. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम 309 घटनाबाह्य ठरवले. 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मात्र मरण दारात आले असताना सन्मानाने मरणे हा जगण्याचाच भाग, एवढी वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली.

आक्षेप योग्य असला तरी शिक्षा चूकच होती. पोलीस केसच्या धास्तीने घरचे लोक दवाखान्यात खरे सांगत नसत, मग उपचार अर्धवट होत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरायला सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतले हे कलम 309 उरलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजून गुन्हा आहे आणि आत्महत्येला चिथावणी देणेही.

प्रश्न : आम्ही दोघेही सत्तरीपुढचे. शेवटी नळ्यांवर ठेवू नये असे लिहून ठेवायचे आहे. मुलगी म्हणते, ही आत्महत्याच झाली.
– धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही, काकू. आत्महत्येत माणूस मरण ओढवून घेतो. इथे मरण आजाराने येते, तुम्ही फक्त ते लांबवणारे उपचार नाकारता. आपल्या परंपरेलाही हा फरक नवा नाही. पवनारला विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात अन्न-औषध थांबवून देह ठेवला, त्याला कोणी आत्महत्या म्हणत नाही. इंजेक्शन देऊन मरण घडवणे मात्र आपल्याकडे आजही गुन्हाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची रीत सोपी केली. दोघांनी दोन स्वतंत्र कागद करा. सही दोन साक्षीदारांसमोर करायची, साक्षीदार शक्यतो घरचे नकोत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा, त्यांची नावे लिहा. एकच नाव नको. मुलगी परदेशी असली, फोन लागला नाही, तर सगळे अडते.

घोटाळा होतो तो मजकुरात. ‘मला त्रास देऊ नका’ एवढ्यावर कोणताही डॉक्टर हात आखडणार नाही. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे, नळीने अन्न, यातले काय नको ते एकेक लिहा. आणि काय हवे तेही : वेदनाशामक औषधे, तोंड ओले ठेवणे, जवळ माणूस.

एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एकेक निर्णयासाठी नावे लिहिलेल्या नातेवाइकांकडे. लॉकरमध्ये ठेवू नका. मालमत्तेचे मृत्युपत्र मरणानंतर उघडते, हा कागद मरणाआधी सापडायला हवा. मत बदलले तर लेखी बदलता येते, शेवटचा कागद धरला जातो.

वेळ आली की उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ, असे रुग्णालयाचे मंडळ तपासते. मग दुसरे मंडळ बसते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचे. अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय, म्हणजे आपल्याकडे सिव्हिल लाइन्सचे खंडपीठ. ही दुहेरी चाळणी कंटाळवाणी वाटते, पण इस्टेटीसाठी घाई करणारा नातेवाईक तिथेच अडतो.

कागद नसेल तर हीच दोन मंडळे नातेवाइकांच्या संमतीने निर्णय घेतात. बहुतेक घरे हे टाळून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ डिस्चार्ज घेतात आणि रुग्ण घरी वेदनाशामकाविना तळमळतो. ते करू नका. दाखल होतानाच मंडळाची आणि वेदना कमी करणाऱ्या उपचारांची चौकशी करा.

प्रश्न : शेतीच्या कर्जापायी दिराने आत्महत्या केली. भाऊबंद तेरवीला यायला तयार नाहीत. शास्त्रात तसे आहे का?
– काटोल

उत्तर : मनुस्मृतीत आत्मघाती माणसाला तर्पण नको म्हटले आहे हे खरे. पण नंतरच्या धर्मग्रंथांनीच नारायणबली सांगून श्राद्धाची वाट उघडली, भटजींना विचारा. बहिष्कार घातल्याने गेलेला माणूस परत येत नाही, जावेला मात्र एकटे पाडले जाते. सातबारा, कर्जाची कागदपत्रे, शवविच्छेदन अहवाल एकत्र करून तलाठ्याकडे आणि तहसीलला द्या. शासनाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे त्यांवरून ठरते. जावेला रात्री एकटी ठेवू नका.