शाळेतल्या व्यायामाचे यश कशावरून मोजावे?

प्रश्न : आमच्या शाळेत गेली दोन वर्षे पाचवी ते आठवीच्या वर्गांना रोज व्यायामाचा तास आहे. नुकतीच मुलांची वजने घेतली, तेव्हा स्थूल मुलांची संख्या पूर्वीइतकीच निघाली. त्यामुळे हा तास गणिताला द्यावा, अशी मागणी काही पालकांनी सभेत केली. अशा कार्यक्रमांनी तंदुरुस्ती खरोखर वाढते का? (एक पालक, सांगली)

उत्तर : वाढते, पण ती वजनकाट्यावर दिसत नाही, आणि आपल्या सभेतला घोळ नेमका इथेच झाला आहे. पुणे आणि नाशिक येथील शाळांमध्ये झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला ‘सिम-केम’ हा अभ्यास आपल्या प्रश्नाला अगदी जवळचा आहे. पुण्यातल्या एका शाळेत पाच वर्षे मैदानावरचे तास वाढवले, रोज योगातील श्वसनाचे व्यायाम घेतले, शारीरिक शिक्षणाला गुण दिले, शाळेतले जेवण सुधारले आणि परिसरातील चटकमटक विकणाऱ्या गाड्या हटवल्या. पाच वर्षांनंतर ही मुले धावणे, लांब उडी, पाठीवर झोपून उठण्याचे पोटाचे व्यायाम (सिट-अप) आणि जोर यांत तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यांचा बैठा वेळ कमी झाला होता आणि फळे खाण्यात वाढ झाली होती. स्थूलतेचे प्रमाण मात्र घटले नाही. फक्त कमरेचा घेर पुण्यातील तुलनेच्या गटापेक्षा कमी भरला. कार्यक्रम एकाच शाळेत राबवला गेला आणि ती शाळा चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवायला हवी; तरीही जगभरच्या अभ्यासांचा कलही असाच आहे.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली ८९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात शालेय कार्यक्रमांमुळे मुलांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता थोडी वाढल्याचे आढळले, ती वाढ शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सरासरी १.२ मिलिलिटरच्या आसपास होती. वजनावरचा परिणाम जवळजवळ नगण्य होता. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा : दम लागेल अशा हालचालीचा दिवसातला एकूण वेळ सरासरी एका मिनिटाहूनही कमी वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत, हे पाहता कागदावरचा तास आणि प्रत्यक्षातली हालचाल यांत केवढे अंतर पडते ते कळते.

म्हणून तास बंद करण्याऐवजी आपण एकदा मैदानावर उभे राहून तो पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रांगा लावणे, हजेरी, सूचना यांत किती वेळ जातो? साठ मुलांच्या वर्गाचा एकच खो-खो लावला, तर पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणांपैकी आठ बसलेले असतात, समोरच्या संघाचे तीन पळणारे असतात आणि उरलेला वर्ग रेषेबाहेर बसून बघतो. ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज असते, तो स्थूल किंवा लाजरा मुलगा नेमका लवकर बाद होतो. तोच वर्ग लहान गटांत विभागून लंगडी, साखळी आणि दोरीउड्या एकाच वेळी घेतल्या, तर शिक्षक एकच असला तरी बहुतेक मुलांना घाम येतो. वजन मात्र घरच्या आहारावर, झोपेवर आणि वाढीच्या वयावरही अवलंबून असते. त्याचा हिशेब एकट्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडून मागणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : मग प्रगती कशाने मोजावी? आमच्याकडे कोणतीही उपकरणे नाहीत. (शिक्षिका, यवतमाळ)

उत्तर : स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि चुन्याची रेघ एवढ्यावर भागते. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांमध्ये मोठ्या मुलांसाठी ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे, बसून पुढे वाकणे, जोर आणि पोटाचे व्यायाम आहेत. जूनमध्ये आणि वर्षअखेरीस, शक्यतो सकाळच्या वेळी, त्या घ्याव्यात. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या नोंदीशीच करावी आणि निकाल फलकावर लावू नये, कारण शेवटचा आलेला मुलगा पुढच्या वेळी डोके दुखण्याचे निमित्त काढून घरी राहतो. वाढत्या वयात वेग आपोआपही वाढत असल्याने, कार्यक्रमाचा परिणाम जाणून घेण्यासाठी यंदाच्या सातवीची नोंद मागच्या वर्षीच्या सातवीच्या नोंदीशी ताडून पाहावी.