वाचकांचे प्रश्न: छोट्या नेटवाल्यानं वायफाय ठेवावं, एलटीई घ्यावं की ६० गिगाहर्ट्झ?

प्रश्न: आम्ही दोघं भाऊ मिळून आसपासच्या वाड्यांवर इंटरनेट देतो. एक टॉवर आहे, त्यावर ५ गिगाहर्ट्झचे साधे वायफाय ॲक्सेस पॉइंट, आणि प्रत्येक घरावर छोटी डिश. दिवसा बरं चालतं पण संध्याकाळ झाली की पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) कुठच्या कुठे जातो, लोक फोन करून हैराण करतात. एकजण म्हणतो एलटीई (मोबाइलचं ४जी तंत्र) लावा, दुसरा म्हणतो जुनं वायमॅक्स (लांब पल्ल्याचं वायरलेस नेट) स्वस्तात मिळतंय ते घ्या, तिसरा ६० गिगाहर्ट्झ सांगतो. पैसा एकदाच घालता येणार आहे. काय घ्यावं?

उत्तर: पैसा एकदाच घालता येणार आहे ना, मग आधी काहीच घेऊ नका, आधी बघा की संध्याकाळी बिघडतंय नेमकं काय. माझा अंदाज असा की तुमचा बॅंड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) चुकलेला नाही, बोलण्याची पाळी कोण ठरवतं तिथे घोळ आहे.

वायफाय म्हणजे ८०२.११ नावाचं मानक, ते मुळात घरातल्या-ऑफिसातल्या अंतरासाठी बनवलेलं. त्यात प्रत्येक रेडिओ आधी कान देतो, कुणी बोलत नसेल तर आपण बोलतो. घरात ठीक आहे, सगळे एकमेकांना ऐकू येतात. पण तुमच्याकडे प्रत्येक डिशचं तोंड टॉवरकडे, त्यामुळे पूर्वेच्या वाडीतलं घर पश्चिमेच्या घराला ऐकूच येत नाही, दोघांना वाटतं रान मोकळं आहे, दोघं एकदम सुरू होतात आणि टॉवरला नुसता कालवा ऐकू येतो. अध्यक्षाशिवाय भरलेल्या सभेसारखं. दुपारी बोलणारे चार असतात म्हणून निभावतं, संध्याकाळी सगळे एकदम बोलतात. त्यात अंतराचा मुद्दा वेगळाच. वायफायचा एक स्लॉट, म्हणजे वाट बघण्याचं माप, ९ मायक्रोसेकंदांचा, आणि सिग्नल एका मायक्रोसेकंदात साधारण ३०० मीटर जातो, म्हणजे १० किलोमीटरवरच्या घरापर्यंत पोचायलाच ३३ मायक्रोसेकंद लागतात. पोच (ॲक) वेळेत आली नाही तर रेडिओ तेच पुन्हा पाठवत बसतो, म्हणून तर बाहेरच्या रेडिओंमध्ये डिस्टन्स किंवा ॲक टाइमआउट नावाची सेटिंग असते, ती सगळ्यात लांबच्या घराप्रमाणे ठेवलीय का ते आजच तपासा.

वायमॅक्स (८०२.१६) आणि एलटीई या दोघांत ही भानगडच नाही, तिथे कुणी कधी बोलायचं ते टॉवर ठरवतो. पण हीच सोय वायफायच्या चिपवरही मिळते, फक्त ती प्रत्येक कंपनीची आपापली असते, युबिक्विटीचं एअरमॅक्स, मायक्रोटिकचं एनव्ही२, कॅम्बियमचं ईपीएमपी. तुमच्या रेडिओत असं काही असेल आणि बंद पडून असेल तर एका सेक्टरवर (टॉवरवरचा एका दिशेचा अँटेना आणि त्यावरची घरं) चालू करून आठवडाभर संध्याकाळचा पिंग बघा. अट एकच, त्या सेक्टरवरच्या सगळ्या घरांत त्याच पद्धतीचे रेडिओ लागतात, म्हणजे तुम्ही एका कंपनीला बांधले जाता. छोट्या माणसानं हे बंधन पत्करावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बदल्यात मिळणारी संध्याकाळ फार मोलाची आहे.

दुसरं, तुमच्या सेक्टरवरचं सगळ्यात कमजोर घर शोधा. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दोन अँटेनांच्या ८०२.११एन रेडिओला चांगल्या सिग्नलवर १३० एमबीपीएसचा रेट मिळतो आणि वाईट सिग्नलवर १३. म्हणजे तोच व्हिडिओ पोचवायला त्या घरासाठी हवेतला दहापट वेळ जातो, आणि तो वेळ बाकीच्या घरांच्या वाट्यातून जातो! अशा घराचा पाइप उंच करा, डिश मोठी लावा, झाड मध्ये असेल तर डिशची जागा बदला, आणि काहीच जमत नसेल तर कनेक्शन देता येणार नाही हे प्रेमानं सांगा, तो एक नकार बाकी सगळ्यांना उपयोगी पडतो.

नुसत्या डोळ्यांनी टॉवर दिसला म्हणजे झालं असंही नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध साधारण ८ मीटर त्रिज्येची जागा लागते, फ्रेनेल झोन म्हणतात तिला, आणि त्यातली निदान ६० टक्के म्हणजे जवळपास ५ मीटर तरी मोकळी हवी. झाडं पानांनी भरलेली आणि ओली असताना मोजा, उन्हाळ्यात उत्तम चाललेली लिंक पावसाळ्यात पडते ती यामुळेच.

आता एलटीई. एलटीई झाडातून आरपार जातं असं लोक धरून चालतात, पण ती ख्याती ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांची आहे. छोट्या प्रोव्हायडरच्या हाती येतं ते बहुतेक ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं, तिथे ५.८ पेक्षा थोडं बरं, चमत्कार नाही. खरा फायदा हा की पट्टा तुमच्या नावावर असेल तर शेजारचा कुणी त्यात गोंगाट करत नाही आणि कमजोर सिग्नलवरही लिंक तग धरते. पण सोबत कोअर नेटवर्क (ग्राहक ओळखून जोडणारी मधली यंत्रणा), सिम, टॉवरांचं टायमिंग हे सगळं येतं आणि रात्री बंद पडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस लागतो. आणि पट्टा वापरायचा हक्क हवा. अमेरिकेत सीबीआरएस म्हणून ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, तिथे नौदलाच्या रडारला आणि परवानाधारकांना सांभाळून छोट्यांनाही लिलावाशिवाय जागा मिळते. तुमच्या देशात तशी सोय नसेल तर एलटीईचा विषय सध्या बाजूला ठेवा.

वायमॅक्स नको. फुकट दिलं तरी नको. रशियातल्या योटा कंपनीनं २०१२ मध्ये ते सोडून एलटीई धरलं, अमेरिकेत स्प्रिंट या मोबाइल कंपनीनं २०१६ मध्ये बंद केलं, म्हणजे उद्या घरावरचा एक रेडिओ जळला तर त्याच्या जागी लावायला दुसऱ्या कुणाचं तरी जुनं सामान शोधत बसाल.

६० गिगाहर्ट्झ मात्र एका जागी जरूर वापरा, जिथे घरं दाट आहेत आणि मध्ये एकही फांदी नाही. त्या फ्रिक्वेन्सीला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे साधारण १५ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घटीचं माप) खातो, वर पाऊस, त्यामुळे काहीशे मीटरांत झकास आणि त्यापुढे भरवसा नाही.

प्रश्न: आमची ५ गिगाहर्ट्झची लिंक मधूनच मिनिटभर गायब होते आणि दुसऱ्या चॅनेलवर उगवते. रेडिओ खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही, ते डीएफएस आहे. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात रडार चालतात, रेडिओला रडारसारखा सिग्नल ऐकू आला की त्याला चॅनेल सोडावाच लागतो आणि असा दुसरा चॅनेल घेतला तर तिथे आधी ६० सेकंद गप्प बसून ऐकावं लागतं. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये हवामानाचे रडार असतात, युरोपच्या नियमांत तिथे हीच वाट १० मिनिटांची आहे, म्हणून तो तुकडा टाळलेला बरा. सेटिंगमध्ये देश बदलून डीएफएस बंद करायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका, वादळाचा इशारा ज्या रडारवरून निघतो त्याच्यातच तुम्ही गोंगाट घालाल.

प्रश्न: स्पीड वाढावा म्हणून सगळ्या सेक्टरना ८० मेगाहर्ट्झ चॅनेल दिला, उलट लांबची घरं तुटायला लागली. असं का?

उत्तर: चॅनेल दुप्पट रुंद केला की रेडिओ नॉइजही (मागचा नको असलेला गोंगाट) दुप्पट गोळा करतो, म्हणजे ३ डीबीचा तोटा. २० वरून ८० ला गेलात म्हणजे ६ डीबी गेले, आणि मोकळ्या हवेत ६ डीबी म्हणजे पल्ला निम्मा. त्यात रुंद चॅनेलमध्ये शेजाऱ्यांचा गोंगाट जास्त शिरतो आणि सेक्टर एकमेकांवर चढतात ते वेगळंच. लांबच्या घरांचे सेक्टर परत २० वर आणा, जवळच्यांना ४० द्या, ८० फक्त टॉवर ते टॉवरच्या लिंकला आणि तेही आधी स्कॅन करून पट्टा मोकळा दिसला तरच.