सुळका, बूच की खांब?

नाशिकच्या एका ट्रेकर मित्राने विचारलंय: आइसलंडच्या स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर लेख लिहितोय. तिथे समुद्रकाठी 'लोनद्रांगार' नावाची दगडांची जोडी आहे. भूगर्भवाले तिला 'व्होल्कॅनिक प्लग' म्हणतात. मराठीत 'ज्वालामुखीचं बूच' लिहू का?

नका लिहू. बूच म्हटलं की बाटली आठवते, ७५ आणि ६१ मीटर उंचीचे कातळ नाही. अंजनेरीजवळच्या नवरा-नवरीला आपण सुळके म्हणतो, तोच शब्द इथेही बेलाशक वापरा. 'खांब' मात्र राखून ठेवा. त्याच द्वीपकल्पावर गेर्दुबेर्गचा कडा आहे, तिथे बेसॉल्टचे सरळसोट पैलूदार खांब ओळीने उभे आहेत. दोन्हीकडे खांब म्हटलंत तर वाचक गोंधळेल.

आता एक मेख. 'सुळका' हा आकाराचा शब्द आहे, जन्माचा नाही. आपल्याकडचे बहुतेक सुळके म्हणजे पसरलेल्या लाव्ह्याचे थर झिजून मागे उरलेला भाग. लोनद्रांगारचं तसं नाही. तिथे ज्वालामुखीच्या नळीतच लाव्हा थिजला, आणि भोवतीचं ठिसूळ अंग समुद्राने खाऊन टाकलं. जन्माच्या दृष्टीने त्याचं जवळचं नातं धोडप किल्ल्यावरच्या त्या खाच पडलेल्या कातळभिंतीशी आहे. तीही भेगेत घुसून गोठलेला लाव्हा, फक्त नळीऐवजी लांबट भेग. तिला आपण सरळ 'डाईक' म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला सुळका' असं फोड करून लिहा, पुढे नुसतं सुळका.

गंमत म्हणजे आइसलंडी 'द्रांगुर'चा अर्थही असाच उभा, एकटा खडक. त्याचंच अनेकवचन 'द्रांगार'. म्हणजे तिथल्या लोकांनीही आकारच पाहिला. यातला उंच सुळका १७३५ साली सर झाला, धाकटा थेट १९३८ मध्ये. ट्रेकरच्या लेखात हे यायलाच हवं.

जाता जाता: या सुळक्यांभोवतीचं गवत शेतकरी कापत नसत, ती जमीन 'आल्फार'ची मानली जायची. त्यांना 'पऱ्या' करू नका. आइसलंडी कथांतले आल्फार माणसांसारखेच, घरदार-गुरंढोरं असलेले, फक्त आपल्याला न दिसणारे. 'अदृश्य शेजारी' लिहिलंत तर मला आवडेल.