वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातला लांबचा प्रवास आणि इंधनाचा हिशेब

प्रश्न : आम्ही चौघे येत्या जानेवारीत नाशिकहून हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, काझापर्यंत, स्वतःच्या डिझेल गाडीने जाणार आहोत. गाडी बीएस-6 असून टाकी 50 लिटरची आहे. जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे धरून 4,500 किलोमीटर होतील. कंपनी लिटरला 18 किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज सांगते. म्हणजे 250 लिटर डिझेल आणि 90 रुपये दराने 22,500 रुपये खर्च. हा अंदाज बरोबर आहे का आणि डिझेल कुठे भरावे? परतताना मनालीमार्गे यावे, असा एका मित्राचा आग्रह आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राचा आग्रह आधी बाजूला ठेवावा लागेल. काझा आणि मनाली यांच्यामधली कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. 2020 मध्ये खुला झालेला अटल बोगदा रोहतांग खिंडीखालून जातो, कुंझुमची अडचण त्याने दूर होत नाही. त्यामुळे शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो अशा सतलज आणि स्पिती नद्यांच्या काठच्या रस्त्यानेच तुम्हाला जावे आणि परतावे लागेल.

आता अंदाजाविषयी. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण 4,500 किलोमीटरना एकच अ‍ॅव्हरेज लावणे बरोबर नाही. नाशिक ते चंदीगड हे धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्लीमार्गे साधारण दीड हजार किलोमीटरचे अंतर जवळजवळ सगळे सपाट आणि रुंद महामार्गाचे आहे. तिथे चार माणसे आणि सामान घेऊन चाललेली गाडी लिटरला 16 किलोमीटर देईल, असे धरायला हरकत नाही. चंदीगडच्या पुढे मात्र सारखा चढ-उतार, पहिला-दुसरा गिअर, बर्फावरून सरपटत जाणे आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवून थांबणे हे सगळे येते, म्हणून तिथे 10 पेक्षा जास्त धरू नये. सपाटीचे 3,100 किलोमीटर म्हणजे सुमारे 194 लिटर आणि डोंगरातले 1,400 किलोमीटर म्हणजे 140 लिटर होतात. डोंगरात दरड किंवा बर्फ हटेपर्यंत रस्त्यावर तासन्‌तास थांबावे लागते आणि नुसते चालू असलेले इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल खाते, म्हणून आणखी 16 लिटर धरावेत. एकूण 350 लिटर, म्हणजे तुमच्याच दराने 31,500 रुपये होतात. तुमच्या अंदाजापेक्षा हे 9,000 रुपयांनी जास्त आहे आणि या वाढीचा बराच मोठा भाग डोंगरातला आहे.

टोलचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. खासगी गाड्यांसाठी 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला. तो एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालतो. तुमच्यासारख्या लांबच्या प्रवासात त्याची किंमत वसूल होते. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, राज्यांच्या अखत्यारीतल्या द्रुतगती मार्गांवर नाही. आग्र्याहून दिल्लीकडे जाताना यमुना एक्स्प्रेस-वे निवडलात तर तिथला टोल वेगळा द्यावा लागेल.

डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे आणि प्रत्येक राज्य त्यावर स्वतःचा व्हॅट लावते, म्हणून राज्याची हद्द ओलांडली की दर बदलतो. चंदीगडमध्ये तो शेजारच्या राज्यांपेक्षाही लिटरमागे काही रुपयांनी कमी असतो, त्यामुळे तिथे टाकी फुल्ल करण्याचा मोह होणे साहजिक आहे. जानेवारीत आणि तेही डिझेल गाडीच्या बाबतीत, हा मोह जरा आवरायला हवा. थंडीत डिझेलमधले मेण स्फटिकांच्या रूपाने वेगळे होऊ लागते, डिझेल आधी गढूळ दिसते आणि मग ते मेण फिल्टरमध्ये अडकून इंजिनाचा पुरवठा तुटतो. गाडी बंद पडण्यासाठी डिझेल टाकीत घट्ट गोठण्याची गरज नसते. भारतीय मानकात साध्या डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळ्यात 18 अंश आणि हिवाळ्यात 6 अंश सेल्सिअस अशी आहे. प्रत्यक्षातले डिझेल बहुधा याहून चांगले असते, पण काझाला जानेवारीतल्या रात्री पारा उणे 20 च्या आसपास उतरतो आणि सपाटीवरच्या पंपाचे डिझेल त्या थंडीसाठी बनवलेले नसते.

म्हणून चंदीगडला स्वस्त डिझेल जरूर भरा, पण रिकाँग पिओच्या खाली पोवारीच्या पंपापर्यंत जेमतेम पुरून थोडे उरेल इतकेच, म्हणजे टाकीत एकूण 42-45 लिटर होतील एवढे भरा. साधारण 345 किलोमीटरच्या त्या वाटेत ते बहुतेक संपेल. काटा त्याआधीच फार खाली आला तर रामपूरला थोडे घ्या. पोवारीला मात्र टाकी काठोकाठ भरा, कारण त्यानंतर भरवशाने धरावा असा पंप थेट काझालाच, सुमारे 210 किलोमीटरवर आहे. इंडियन ऑइलने लडाखची थंडी डोळ्यांपुढे ठेवून उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल नोव्हेंबर 2019 मध्ये बाजारात आणले. पोवारी आणि काझा या दोन्ही पंपांवर ‘हिवाळी डिझेल आहे का’ असे स्पष्ट विचारा. ते नसेल तर मेण धरू न देणारे अ‍ॅडिटिव्ह पोवारीलाच, डिझेल भरण्याआधी टाकीत टाका. मेण एकदा धरल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पोवारीला भरलेल्या 50 लिटरपैकी काझाला पोचेपर्यंत 22-23 लिटर जातील. हातात उरलेले 27 लिटर हे तुमचे परतीचे तिकीट आहे. बर्फाने रस्ता अडला तर काझाच्या पंपावर टँकर वेळेवर पोचत नाही. वीज गेली किंवा मोबाइलचे नेटवर्क गेले तर यूपीआयही उपयोगाचे नाही. त्यामुळे मुक्कामाच्या जागी जाण्याआधीच, पोचल्या दिवशीच, रोख पैसे देऊन टाकी पुन्हा भरून घ्यावी. त्या दिवशी डिझेल मिळाले नाही, तर काझाजवळच्या की, किब्बर, लांगझा या गावांची भटकंती पंपावर डिझेल येईपर्यंत पुढे ढकलावी. एवढ्या लांब जाऊन खोलीत बसणे जिवावर येते हे खरे. पण परतीच्या वाटेवर नाकोच्या वर डिझेल संपणे त्याहून वाईट.

रात्री टाकी भरलेली ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की, रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंडीने पाणी होऊन डिझेलमध्ये उतरत नाही. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये डिझेल फिल्टरमधले पाणी काढून घ्या. फिल्टर जुना असेल तर बदलाच. तुमच्या गाडीला डीईएफ, म्हणजे युरियाचे द्रावण लागत असेल तर ते उणे 11 अंशांना गोठते आणि गोठताना फुगते, हे लक्षात ठेवून त्याची टाकी गच्च भरू नका. गाडीतला हीटर ते वितळवतो, त्यामुळे सकाळी गोठलेले दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा किंवा टाकीखाली बोळे पेटवण्याचा सल्ला वाटेत कोणी ना कोणी देईलच. रॉकेलात वंगणाचा गुण कमी असल्याने बीएस-6 गाडीचा महागडा उच्चदाब पंप त्याने खराब होतो, आणि टाकीखालच्या जाळाविषयी वेगळे काही लिहायला नको. रस्त्यात अडकल्यावर हीटर चालू ठेवायचा असेल, तर मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फात बुजलेला नाही हे दर थोड्या वेळाने उतरून पाहा, नाहीतर विषारी वायू गाडीत शिरतो.

प्रश्न : डिसेंबरात पुण्याहून कच्छच्या पांढऱ्या रणात सीएनजी गाडीने जायचे आहे. सगळा प्रवास सीएनजीवर होईल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : भुजपर्यंतचे सुमारे 1,000 किलोमीटर बहुतांशी होतील, कारण गुजरातमध्ये महामार्गावर सीएनजी पंप भरपूर आहेत. लहान गाडी एका भरण्यात 200 ते 250 किलोमीटर जाते, म्हणजे वाटेत चार-पाच वेळा थांबावे लागेल. जिथे गॅस पाइपाने न येता ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, तिथे दाब कमी मिळून टाकी अर्धवट भरते, म्हणून शहराजवळचे मोठे पंप निवडा आणि रांगेसाठी वेळ धरा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र गाडीत ठेवा. त्याशिवाय पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो. भुजच्या पुढे पांढऱ्या रणाजवळचे धोर्डो गाव साधारण 80 किलोमीटर आहे. येणे-जाणे आणि खावड्यावरून काळा डुंगर धरून भुजलाच पुरेसे पेट्रोल भरून घ्या. गाडी सकाळी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते, हेही पेट्रोलची टाकी रिकामी न ठेवण्याचे एक कारण आहे.

प्रश्न : पेट्रोल गाडीने हिमाचलात जाताना जादा पेट्रोल कॅनमध्ये नेणे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेट्रोलियम अधिनियम, 1934 प्रमाणे, विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. भांडे धातूचे, घट्ट झाकणाचे आणि 25 लिटरपेक्षा मोठे नसावे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांना पंपावर नकार मिळतो आणि तो योग्यच आहे. कॅन काठोकाठ न भरता वर थोडी जागा ठेवा, उंचीवर झाकण हळूहळू उघडा, आणि माणसे बसतात त्या भागात तो ठेवू नका. सामान्य प्रवासाला दहा लिटरचा एक कॅन पुरतो. परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर त्यातले पेट्रोल टाकीत ओतून टाका. घराच्या बाल्कनीत ते साठवून ठेवण्यासारखे नाही.