जपानी मेझोटिंटमधील वास्तुदृश्ये इतकी निःशब्द का वाटतात?

आजच्या जपानी मेझोटिंट चित्रांतील (तांब्याच्या पत्र्यावरून शाईने छापलेल्या चित्रांतील) देवळांचे ओटे, कागदी सरकती दारे आणि वळचणीखालच्या भिंती इतक्या शांत का भासतात, आणि हा केवळ काळ्या रंगाचा परिणाम आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्या शांततेचे मूळ चित्रविषयापेक्षाही कामाच्या क्रमात आहे.

मेझोटिंटमध्ये चित्रकार काळोखापासून सुरुवात करतो. बारीक दात असलेले, गोलाकार धारेचे रॉकर नावाचे हत्यार तांब्याच्या पत्र्यावर झुलवत झुलवत सगळा पृष्ठभाग अनेक दिशांनी इतका खरखरीत केला जातो की, त्या अवस्थेत शाई लावून ठसा घेतला तर कागदावर मखमलीसारखा सलग काळा रंग उमटतो. पत्रा मोठा असेल तर नुसत्या या पूर्वतयारीतच कित्येक दिवस जातात. मग स्क्रेपरने ती खरखर खरवडून आणि बर्निशरने घासून जागा जितकी गुळगुळीत करावी, तितकी तेथे शाई कमी धरते आणि तितका उजेड वाढतो. त्यामुळे चित्रातील प्रत्येक उजळ गोष्ट कष्टाने मिळवावी लागते आणि जिच्यासाठी हात राबला नाही, ती आपोआप अंधारात राहते. गजबज मुद्दाम वगळावी लागत नाही. ती पत्र्यावर आलेलीच नसते.

दुसरे कारण रेषेचे आहे. जपानी चित्रकार तानाका र्योहेई (१९३३–२०१९) यांची गवताने शाकारलेल्या शेतघरांची चित्रे पुष्कळांना मेझोटिंट वाटतात; प्रत्यक्षात ती प्रामुख्याने एचिंगची, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली आहेत, आणि गवताची काडी न् काडी त्यांत रेषेने सांगितलेली असते. ती चित्रे मला अतिशय प्रिय आहेत, पण त्यांतील शांतता वेगळी आहे. मेझोटिंटमध्ये भिंत कोठे संपते आणि सावली कोठे सुरू होते, हे सांगणारी रेषा बहुधा नसतेच, म्हणून नजर कडेवर अडकत नाही. सपाट भिंती, कागदातून झिरपणारा उजेड आणि खोल वळचणी हे जपानी वास्तूचे घटक या तंत्राला अगदी साजेसे आहेत.

तंत्र मात्र मूळचे जपानी नाही. १६४२ मध्ये लुडविग फॉन सिगेन या जर्मनाने ते प्रथम वापरले, अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रांच्या प्रतींसाठी ते भरभराटीला आले, आणि छायाचित्रणानंतर जवळजवळ विसरले गेले. त्याला नवे जीवन देणाऱ्यांत फ्रान्समध्ये राहिलेले दोन जपानी कलावंत अग्रभागी होते: १९१८ मध्ये मायदेश सोडून पुन्हा कधीही न परतलेले हासेगावा कियोशी, आणि वेगवेगळ्या पत्र्यांवरून रंग चढवत १९५० च्या दशकात रंगीत मेझोटिंट सिद्ध करणारे हामागुची योझो. या दोघांचा ओढा मुख्यतः फळे, पक्षी आणि वस्तुचित्रे यांच्याकडे होता. जुन्या वास्तूंकडे वळलेल्या पुढच्या पिढीत नोरिकाने हिरोतो यांचे काम आपण अवश्य पाहावे. हामानिशी कात्सुनोरी यांचेही पाहावे. लाकूड आणि दोरखंड यांच्या चित्रांपासून निघून ते सोनेरी वर्ख लावलेल्या किमोनोंपर्यंत पोहोचले.

शक्य असेल तर मूळ ठसे पाहा, कारण पडद्यावर हा काळा रंग सपाट दिसतो. तोक्योच्या निहोनबाशी भागात हामागुची यांच्या कामाला वाहिलेले संग्रहालय १९९८ पासून आहे. ठसा विकत घेणार असाल, तर गडद भाग तिरक्या उजेडात तपासा. छापताना दाबाने पत्र्यावरची खरखर झिजते, आणि झिजलेल्या पत्र्यावरून घेतलेल्या ठशात काळा रंग करडा पडू लागतो.